टीव्हीचा बॉक्स नेटवर चालतो, पण घरातला कॉम्प्युटर त्याला सापडत नाही

नंदगडची_सून

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात नंदगडला राहतो. टीव्हीला लावलेल्या ॲन्ड्रॉइड बॉक्सवरून घरातल्याच कॉम्प्युटरमधली भजनं वाजवायची आहेत आणि तेवढं एकच होत नाहीय.

कशासाठी ते आधी सांगते, म्हणजे "मोबाईलवर ऐका की" असं कुणी सुचवणार नाही. आमचे मामंजी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. कार्तिकातला काकडा, सप्ताहातली कीर्तनं, दिंडीत मुक्कामाच्या गावी झालेली भजनं, सगळं त्यांनी वर्षानुवर्षं टेप करून ठेवलंय. पत्र्याची ट्रंक भरून कॅसेटी आहेत. गाणाऱ्यांतले निम्मे आता हयात नाहीत. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना ओल चढते, तिथं फितीची काय कथा. कडेनं पांढरी बुरशी धरलेल्या कॅसेटी मी आधी उतरवायला घेतल्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाईन-इनला जोडली आहे आणि ऑडेसिटीत रेकॉर्ड करते. पुष्कळ कॅसेटींत फितीच्या मागं असतो तो स्पंजाचा बारका तुकडा सुटून पडलाय. तो नसला की फीत हेडला नीट टेकत नाही. पखवाज ऐकू येतो, पण टाळ पार बुडून जातात. मग दुसऱ्या एखाद्या टाकाऊ कॅसेटीतला तुकडा काढून त्यात बसवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

मामंजींना मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत. टीव्हीवर नावं मोठी दिसतात आणि रिमोटची बटणं बोटांना कळतात. पहाटे उठून ते सोप्यात बसतात. तेव्हा कुणाला हाक न मारता त्यांना हवी ती कॅसेट स्वतः लावता यावी, एवढंच मला हवंय.

आता घरातली मांडणी. फायबरचं नेट इथल्या केबलवाल्याकडून घेतलंय. त्याचा पांढरा डबा सोप्यात, टीव्हीच्या वर. कॉम्प्युटर मागल्या खोलीत, विंडोज ११. मधल्या भिंती चिऱ्याच्या, हातभर जाड, त्यामुळं सोप्यातलं वायफाय मागं पोचत नव्हतं. म्हणून केबलवाल्याच्या पोरानं मागं दुसरा राउटर बसवून दिला आणि पांढऱ्या डब्यातून त्याला वायर ओढली. कॉम्प्युटर त्या मागल्या राउटरला वायरनं जोडलाय. बॉक्स सोप्यातल्या वायफायवर.

कॉम्प्युटरवर भजनांचं फोल्डर शेअर केलं. बॉक्सवर व्हीएलसी हे गाणी-व्हिडिओ वाजवायचं ॲप टाकलं. त्यात लोकल नेटवर्क उघडलं की नुसतं गोल फिरतं आणि यादी रिकामी. कोडी या तसल्याच दुसऱ्या ॲपमध्येही तेच. कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हातानं टाकून बघितला, थोड्या वेळानं एरर येते. दोन्हीकडं नेट मात्र झकास चालतं. माझ्या मोबाईलवरच्या व्हीएलसीत, मी मागल्या खोलीत असले की कॉम्प्युटरचं नाव दिसतं. आत जायला पासवर्ड मागतो, ते नंतर बघू. सोप्यात आले की नाव गायब. मोबाईलचं वायफाय कमजोर असेल म्हणून मी ते सोडून दिलं.

बॉक्स बदलून आणावा का? बेळगावला खडे बाजारात जाणं होणार आहे.

तिसरं_गेट

ताई, बॉक्स बदलायची घाई करू नका. आधी सगळं बंद करून पुन्हा चालू करा, पांढरा डबासुद्धा. तरी झालं नाही तर कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १.० ला (फाईल शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) टिक करा आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. टिळकवाडीत माझ्याकडं जुना बॉक्स आहे, त्याला त्यानंच लागलं.

निपाणीकर

सूनबाई, सोपा मार्ग सांगतो. एमपीथ्री करा, १९२ केबीपीएस पुरे. तासाला साधारण ८६ एमबी होतं. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये साडेतीनशे तासांच्या वर भजन मावेल. बॉक्सच्या मागं खोचून टाका. वायफाय नको, पासवर्ड नको. माझ्याकडं वडिलांच्या वेळची कीर्तनं अशीच आहेत आणि रोज संध्याकाळी लागतात.

नंदगडची_सून

काका, पेन ड्राइव्ह सध्या चालूच आहे. अडचण अशी की काम अजून संपलेलं नाही. रोज एखादी कॅसेट उतरते. मामंजी ऐकतात आणि सांगतात, "हा आवाज त्याचा न्हवं, गर्लगुंजीच्या बुवांचा हाय." मग मी फाईलचं नाव बदलते. एखाद्या कॅसेटीत मध्येच फीत अडकलेली असते, ती पुन्हा घ्यावी लागते. दर वेळी टीव्ही भिंतीपासून ओढून पेन ड्राइव्ह काढा, कॉम्प्युटरला लावा, परत खोचा. त्यात कुठली फाईल नवी आणि कुठली जुनी याचा घोळ होतो. मूळ वेव्ह फाईल तासाला सव्वासहाशे एमबीच्या वर जाते, ती मी कॉम्प्युटरवरच ठेवते. मी तिथं नाव बदललं की टीव्हीवर बदललेलं दिसावं, असं हवंय.

तिसरं_गेट दादा, रिस्टार्ट करून झालं, फरक नाही. एसएमबी १ चं अजून केलं नाही.

एक सांगायचं राहिलं. कॉम्प्युटरवरून बॉक्सच्या आयपीला पिंग करून, म्हणजे नुसती हाक पाठवून बघितलं तर उत्तर येतं. म्हणजे दोघं एकमेकांना दिसतात ना? मग अडलंय कुठं?

वडगाव_माग

ताई, एसएमबी १ ला हात लावू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली, तो एसएमबी १ मधल्याच भोकातून पसरला होता. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या कॉम्प्युटरवर ते येतानाच बंद असतं. तुमच्या ट्रंकेतली भजनं दुसरीकडं कुठंही मिळणार नाहीत. ती ज्या कॉम्प्युटरवर आहेत त्याचं ते दार उघडायला मी तरी सांगणार नाही. आणि तुमचा आजार तो नाहीच असं मला वाटतंय.

तीन गोष्टी बघून सांगा.

कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाईप करा. त्यात आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डिफॉल्ट गेटवे असे दोन आकडे येतील, ते दोन्ही इथं लिहा.

बॉक्सवर सेटिंग्जमध्ये नेटवर्कमध्ये जा, जोडलेल्या वायफायच्या नावावर दाबा, तिथं त्याचा आयपी दिसेल.

आणि मागल्या राउटरला पांढऱ्या डब्याकडून येणारी वायर कुठल्या भोकात खोचली आहे ते बघा. चार एकसारखी भोकं असतील आणि एक वेगळ्या रंगाचं किंवा जरा बाजूला असेल.

नंदगडची_सून

कॉम्प्युटर १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१.

बॉक्स १९२.१६८.१.७.

वायर निळ्या भोकात आहे, ते बाकीच्या चारांपासून वेगळं आहे. कॉम्प्युटरची वायर पिवळ्या चारांपैकी एकात.

वडगाव_माग

सापडलं. तिसरा आकडा बघा. कॉम्प्युटर ० वर आहे आणि बॉक्स १ वर. घर एक, पण आत नेटवर्क दोन आहेत. बॉक्स चांगला आहे, खडे बाजारला दुसरं काय घ्यायचं ते घ्या.

झालंय असं की निळं भोक म्हणजे वॅन, बाहेरच्या इंटरनेटसाठीचं. त्यात वायर खोचली की मागला राउटर समोरच्या पांढऱ्या डब्याला बाहेरची दुनिया समजतो आणि आपल्या मागं स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडतो. नेट दोन्हीकडं चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बसवणारा नेट आलं की नाही तेवढं बघतो आणि जातो.

पिंगचं कोडं असं सुटतं. परड्याच्या दाराला आतून कडी असते ना, तसं समजा. आतला माणूस हवं तेव्हा बाहेर जाऊन परत येऊ शकतो, बाहेरच्यानं कितीही हाका मारल्या तरी दार उघडत नाही. तुमचा कॉम्प्युटर मागल्या राउटरच्या आत आहे. त्यानं पिंग पाठवलं की राउटर त्यावर स्वतःचा पत्ता घालून पुढं पाठवतो, उत्तर आलं की कॉम्प्युटरला आणून देतो. पण बॉक्सनं आपणहून १९२.१६८.०.१०३ मागितलं, तर ते पांढऱ्या डब्याकडं जातं आणि त्या डब्याला हा पत्ता कुठं आहे ते ठाऊकच नाही. म्हणून आयपी हातानं टाकूनही एरर आली. व्हीएलसीतली यादी रिकामी राहिली त्याचंही मूळ हेच. कॉम्प्युटर, टीव्ही, बॉक्स ही उपकरणं एकमेकांना हाक मारून शोधतात. डीएलएनए (घरातल्या उपकरणांनी एकमेकांतली गाणी-व्हिडिओ वाजवायची पद्धत) प्रकारातली हाक २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या पत्त्यावर, १९०० नंबरच्या पोर्टवर जाते. ती आपल्याच नेटवर्कमध्ये फिरते, घरगुती राउटर तिला पलीकडं सोडत नाही.

मोबाईलचं तुम्ही सोडून दिलंत, पण खरा धागा तोच होता. मागल्या खोलीत मोबाईल मागल्या राउटरच्या वायफायवर जातो आणि कॉम्प्युटर दिसतो. सोप्यात आलात की तो पांढऱ्या डब्याच्या वायफायवर उडी मारतो. वायफायच्या जोराचा इथं संबंध नाही. आमच्या मागाच्या शेडमध्ये कॅमेरे बसवले तेव्हा हेच झालं होतं. शेडमधले कॅमेरे घरातल्या कॉम्प्युटरला काही केल्या दिसेनात, बसवणारा कॅमेरे बदलायला निघाला होता. आकडे शेजारी शेजारी लिहून बघितल्यावर उलगडलं.

उपाय: मागल्या राउटरला राउटर म्हणून काम करू द्यायचं नाही, नुसती वायर आणि वायफाय पुढं नेणारी जोडणी करायची. क्रम सोडू नका.

कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा. हे मागल्या राउटरचं पान. पासवर्ड राउटरच्या पोटाखाली चिकटवलेला असतो. ऑपरेशन मोड किंवा वर्किंग मोड असं काही दिसलं आणि त्यात ॲक्सेस पॉइंट असेल, तर ते निवडून सेव्ह करा. राउटर स्वतः रिस्टार्ट होईल, काम झालं. कुठल्या भोकात वायर ठेवायची ते त्याच पानावर लिहिलेलं असतं.

तो मोड नसेल तर हातानं करायचं. आधी लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, पानावर राउटरचा स्वतःचा आयपी १९२.१६८.०.१ चा १९२.१६८.१.२५० करा. राउटर रिस्टार्ट झाला की त्याच नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि डीएचसीपी बंद करा. ते बंद केलं नाही तर घरात पत्ते वाटणारे दोघं होतात आणि कधी हे चालतं, कधी ते, असा ताप होतो. शेवटी निळ्या भोकातली वायर काढून पिवळ्या भोकात लावा. निळं भोक रिकामं राहू द्या. दोन राउटरांमध्ये वायर एकच हवी. जास्तीची वायर चुकून पिवळ्यातून पिवळ्यात गेली तर डेटा गोल गोल फिरत राहतो आणि अख्खं नेट बसतं.

मग कॉम्प्युटरची वायर काढून परत लावा आणि आयपीकॉन्फिग पुन्हा बघा. १९२.१६८.१ नं सुरू होणारा आकडा आला पाहिजे.

सोप्यातल्या पांढऱ्या डब्याच्या सेटिंगला मात्र हात लावू नका. त्यात केबलवाल्याच्या लाईनची माहिती भरलेली असते, ती पुसली गेली तर तो येईपर्यंत नेट बंद.

हिरण्यकेशी

मध्येच विचारतो. संकेश्वरला आमच्याकडं अशीच मांडणी आहे. असं केल्यावर दोन्ही वायफायची नावं वेगळी ठेवायची की एक?

वडगाव_माग

कशीही चालतात. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडं एकच ठेवलात तर मोबाईल या खोलीतून त्या खोलीत जाताना आपोआप बदलतो. फक्त २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. एकाच चॅनेलवर ठेवले तर एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावं लागतं.

नंदगडची_सून

माझ्या राउटरला तो ॲक्सेस पॉइंटचा मोड नव्हता, हातानंच केलं. वायर बदलल्यावर मागलं नेट क्षणभर गेलं तेव्हा धडधडलं, पण आलं. आता कॉम्प्युटर १९२.१६८.१.१२, बॉक्स १९२.१६८.१.७. दोघं एका ओळीत आले.

तरी दादा, व्हीएलसीत यादी अजून रिकामीच! आणि आता मागल्या खोलीत मोबाईललासुद्धा कॉम्प्युटर दिसेना. आधी दिसत होता तोही गेला.

वडगाव_माग

घाबरू नका, हे होणारच होतं, मीच आधी लिहायला हवं होतं. गेटवे बदलला की विंडोजला वाटतं आपण नव्या ठिकाणी आलो. नव्या ठिकाणी तो सावध राहतो, नेटवर्कला पब्लिक धरतो आणि फायरवॉल बाहेरच्या हाका आत येऊ देत नाही. बसस्टँडवरच्या वायफायला ते योग्यच आहे, घरात नको.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं इथरनेट. वरतीच पब्लिक आणि प्रायव्हेट असे दोन पर्याय दिसतील, प्रायव्हेट करा. मग त्याच भागात ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये जाऊन प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाईल शेअरिंग दोन्ही चालू आहेत का बघा. दुसरा अँटिव्हायरस विकत घेऊन टाकला असेल तर त्याची फायरवॉल वेगळी असते, तिथंही हे नेटवर्क घरचं आहे असं सांगावं लागेल.

नंदगडची_सून

दिसलं! सोप्यात टीव्हीवर कॉम्प्युटरचं नाव आलं. अँटिव्हायरस वेगळा नाही, विंडोजचाच आहे.

आता तो मघाचा पासवर्ड. युजरनेम आणि पासवर्ड मागतो. मी कॉम्प्युटर चार आकडी पिननं उघडते. तो पिन दिला तर घेत नाही.

वडगाव_माग

पिन त्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तुमच्या खात्याचा खरा पासवर्ड चालेल, पण तो बहुधा तुमच्या मेलचाच असेल, आणि मेलचा पासवर्ड टीव्हीच्या बॉक्समध्ये भरून ठेवणं मला पटत नाही. त्यापेक्षा नुसतं ऐकण्यासाठी एक वेगळं खातं करा.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. ते मेल विचारेल. तिथं या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडं नाही असा पर्याय खाली आहे, तो दाबा, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडा असा असतो, तो. युजरनेम इंग्रजी अक्षरांत, लहान ठेवा. पासवर्ड रिकामा सोडू नका, रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. रिमोटनं टाईप करता येईल असा ठेवा.

मग भजनांच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, तिथं शेअर बटण. नवं खातं यादीत घ्या आणि त्याला फक्त रीड द्या. म्हणजे टीव्हीवरून ऐकता येईल, रिमोटचं बटण चुकून दाबलं तरी फाईल पुसली जाणार नाही.

नंदगडची_सून

रीडचं फार बरं सांगितलंत. नातवंडं सुटीला आली की रिमोट त्यांच्याच हातात असतो.

झालं. आत्ता सोप्यात काकडा लागलाय. व्हीएलसीत फोल्डरांची नावं देवनागरीत नीट दिसतात: गाव, साल, कुणाचं भजन, अशी मी ठेवली आहेत. मामंजींनी रिमोट हातात घेऊन खाली खाली जात हलशीच्या सप्ताहाची कॅसेट काढली, ती त्यांनी फार वर्षांत ऐकली नव्हती. आत्ती चुलीवरचं तसंच ठेवून बाहेर येऊन बसल्या. तिसरं_गेट दादा, काका, तुम्हा सगळ्यांचे आभार. वडगावच्या दादांना काय म्हणू मी. बेळगावला आले की मामंजींना घेऊन तुमच्याकडं येणार, ते माग बघतील.

बॉक्सचे मेन्यू कन्नडमध्ये होते. मला वाचता येतं, मामंजींना नाही. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी होतं, तेही करून टाकलं.

निपाणीकर

वा, सूनबाई! माझी एक शंका. तुमच्याकडं पावसात झाडं पडून फायबर तुटतं, दोन-दोन दिवस नेट नसतं. तेव्हा हे चालणार का? नसेल तर पेन ड्राइव्ह टाकून देऊ नका.

वडगाव_माग

काका, चालतं. कॉम्प्युटरपासून मागला राउटर, तिथून पांढरा डबा, तिथून बॉक्स, एवढाच प्रवास आहे. भजन घराबाहेर जातच नाही, त्यामुळं बाहेरची लाईन तुटली तरी अडत नाही. दोन्ही डब्यांना वीज हवी, बस. त्यांचे अडाप्टर छोटे असतात, इन्व्हर्टरवर सहज निघतात. पेन ड्राइव्ह मात्र ठेवाच, आणि त्यात सगळ्याची एक प्रत करून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. कॉम्प्युटरची डिस्क कधी जाईल सांगता येत नाही आणि बुरशी लागलेली कॅसेट दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

लाईटवरून आठवलं. ताई, लाईट जाऊन आली की पांढरा डबा कॉम्प्युटरला १२ च्या जागी दुसराच आकडा देऊ शकतो. तुम्ही व्हीएलसीत आयपी टाकून फेव्हरिट केलं असेल तर ते त्या दिवशी उघडणार नाही आणि मामंजींना वाटेल सगळं बिघडलं. म्हणून कॉम्प्युटरचा आकडा कायमचा करा. इथरनेटच्याच पानावर आयपी असाइनमेंट आहे, एडिट, मॅन्युअल, आयपीव्ही४ चालू. आयपी १९२.१६८.१.२४०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस दोन्हीकडं १९२.१६८.१.१. मग फेव्हरिट नव्या आकड्यानं पुन्हा करा.

नंदगडची_सून

केलं. मेन स्विच पाडून परत लावून बघितला, २४० च राहिला आणि फेव्हरिट उघडलं.

शेवटचं एक. मामंजी पहाटे पाचच्या आत बसतात. कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवणं जिवावर येतं, आणि पहाटे मागल्या खोलीत जाऊन सुरू करायचा म्हणजे पुन्हा माझी हाक आलीच. यावर काही आहे का?

वडगाव_माग

आहे. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये जा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये आरटीसी अलार्म, रिझ्यूम बाय अलार्म असं काहीतरी नाव असेल, प्रत्येक बोर्डावर वेगळं असतं. त्यात रोज पहाटे ४:३० लावा. रात्री कॉम्प्युटर नेहमीसारखा शटडाऊन करायचा, पण भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. त्याच पानावर लाईट गेल्यानंतर काय करायचं असाही पर्याय असतो, तो पॉवर ऑन वर ठेवा, म्हणजे पहाटे लाईट जाऊन आली तरी कॉम्प्युटर आपोआप उठेल. पिन टाकायला कुणी जायची गरज नाही. पिनच्या पानावर थांबलेला असला तरी शेअर केलेलं फोल्डर नेटवर्कवर उघडतं, ती सेवा विंडोज सुरू होतानाच चालू होते.

फक्त सेटिंग्जमध्ये पॉवरमध्ये जाऊन प्लग लावलेला असताना स्लीप कधीच नको असं करा, नाहीतर बायोस साडेचारला उठवेल आणि विंडोज पाचच्या आत झोपवेल.

अलार्म सापडला नाही तर बोर्डाचं मॉडेल इथं टाका, कुठल्या मेन्यूत आहे ते बघून सांगतो.

नंदगडची_सून

सापडला, ॲडव्हान्स्डच्या आत एपीएम नावाच्या मेन्यूत होता. साडेचारचा लावलाय आणि स्लीप बंद केली. आज पहाटे मी उठायच्या आत सोप्यातून टाळ ऐकू येत होते.